टाकीतलं यीस्ट नेमकं कोणतं? वाइनच्या यीस्टची जनुकीय ओळख पटवण्याची पद्धत

दिंडोरी तालुक्यातल्या एका वायनरीत शेनिन ब्लाँची एक टाकी आपणहून आंबली होती. बाहेरून यीस्ट घातलं नव्हतं. त्या टाकीतून आम्ही तीस कॉलनी उचलल्या, डीएनए काढला, त्याचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणारं जेल चालवलं. तीसपैकी सव्वीस लेनमध्ये (एका नमुन्याची एक लेन) बँडची, म्हणजे त्या तुकड्यांच्या पट्ट्यांची, मांडणी हुबेहूब सारखी निघाली. नाशिकच्या मातीतलं आपलं यीस्ट सापडलं, असं वाटून मी वहीत त्याला नावही देऊन टाकलं. दोन महिन्यांनी वेगळ्याच कामासाठी त्याच वायनरीच्या फ्रिजमधलं पाकिटातलं यीस्ट जेलवर घेतलं, तर तीच मांडणी समोर आली. मागच्या हंगामातलं विकतचं यीस्ट पंपात, होजपाइपात, टाकीच्या व्हॉल्व्हमध्ये तग धरून राहिलं होतं आणि ताजा रस मिळताच त्यानं टाकी ताब्यात घेतली होती. तेव्हापासून मी एक गोष्ट कधी सोडत नाही. वायनरीत आजवर वापरलेलं प्रत्येक यीस्ट शेजारच्या लेनमध्ये असल्याशिवाय कुठल्याही स्ट्रेनला, म्हणजे जातीतल्या वाणाला, 'देशी' म्हणत नाही.

पीसीआर एकदा-दोनदा केलेल्या, पण यीस्टवर काम न केलेल्या विद्यार्थ्यांसाठी आणि वायनरीच्या प्रयोगशाळेत नव्यानं रुजू झालेल्यांसाठी हे लिहिते आहे.

आधी प्रश्न ठरवा

ओळख दोन पातळ्यांवर पटवायची असते आणि नवखे बहुतेक इथेच गोंधळतात. पहिली पातळी जातीची आणि दुसरी स्ट्रेनची. द्राक्षबागायतदाराला हे पटकन कळतं. थॉमसन, सोनाका, शरद ही सगळी द्राक्षंच, पण बागेत उभं राहिल्यावर त्यांत फरक आहे. तसंच यीस्टचं. वाइन मुख्यतः सॅकरोमायसिस सेरेव्हिसी ही जात करते. पाव फुगवणारं यीस्टही याच जातीचं. पण या एका जातीत शेकडो स्ट्रेन आहेत. कुणी १५ टक्के अल्कोहोल सोसतं, कुणी १२ टक्क्यांवरच थकतं, कुणी सडक्या अंड्याचा वास सोडतं.

म्हणून काम सुरू करण्याआधी कागदावर लिहा, आपल्याला काय हवं आहे? टाकीत कोणकोणत्या जाती आहेत ते? की घातलेलं यीस्टच टाकीत राज्य करतं आहे की नाही ते? की बागेत आपलं स्वतःचं, वेगळं स्ट्रेन आहे का ते? तिन्हींसाठी नमुना वेगळ्या पद्धतीनं घ्यावा लागतो आणि चाचणीही वेगळी. पहिल्याला आयटीएस ही जात ओळखणारी चाचणी पुरते, बाकी दोन्हींना इंटरडेल्टा ही स्ट्रेन ओळखणारी चाचणी लागते. दोन्ही पुढे सांगते.

नमुना: इथे चुकलं तर पुढचं सगळं वाया

बागेतून घ्यायचं असेल तर वेगवेगळ्या ओळींतून मिळून साधारण २ किलो घड घ्या. कात्री ७० टक्के अल्कोहोलनं पुसा, घड निर्जंतुक पिशवीत टाका, हात लावू नका. त्याच दिवशी प्रयोगशाळेत आणून पिशवीतच चिरडा. द्राक्ष नुसतं धुऊन ते पाणी प्लेटवर ओतण्याचा मोह होतो, पण त्यातून सॅकरोमायसिस क्वचितच मिळेल. इटलीतल्या एका प्रसिद्ध अभ्यासात हजार निरोगी मण्यांमागे जेमतेम एकावर ही जात सापडली. फुटलेल्या मण्यांत मात्र चारातल्या एकावर. गांधीलमाश्या आणि इतर कीटक तिला तिथे आणून सोडतात. थोडक्यात, शोध घ्यायचा तर तिला वाढायला वाव द्यायचा.

तो वाव असा द्यायचा. ५०० मिली रस निर्जंतुक बाटलीत भरा, एअरलॉक (वायू बाहेर सोडणारं, हवा आत न घेणारं झाकण) लावा, २० ते २५ अंशांवर ठेवा आणि बाटली रोज वजन करा. कार्बन डायऑक्साइड निघून जातो तसं वजन घटतं. लिटरमागे ७० ग्रॅम घट झाली, म्हणजे आपल्या बाटलीत ३५ ग्रॅम, की साधारण दोन-तृतीयांश साखर संपली असं समजा. प्लेटवर घ्यायची वेळ हीच. सुरुवातीला गर्दी करणारी हॅन्सेनियास्पोरासारखी यीस्टं तोवर अल्कोहोलनं मागे पडलेली असतात आणि सॅकरोमायसिस वर आलेलं असतं. महिनाभर वाट पाहूनही बाटली आंबली नाही तर निराश होऊ नका आणि ती नोंद टाळूही नका. त्या ओळींत सॅकरोमायसिस नव्हतं किंवा फार थोडं होतं, हीही माहितीच.

टाकीतून घेताना नमुन्याचा नळ अल्कोहोलनं फवारा, पहिला अर्धा लिटर सोडून द्या, मग निर्जंतुक बाटलीत भरा. टाकी एकजीव झालेली हवी, म्हणून पंपिंग ओव्हर झाल्यानंतर लगेच घेणं उत्तम. आंबण्याच्या सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी असे तीन नमुने घेतले तर चित्र हलताना दिसतं. एकाच नमुन्यावर मत बनवू नका.

आणि पाकिटं. वायनरीत आत्ता आणि मागच्या काही हंगामांत वापरलेल्या प्रत्येक यीस्टची यादी सेलरमधल्या जुन्या माणसाकडून काढून घ्या. खरेदीच्या फाइलपेक्षा त्याची आठवण जास्त कामाची असते. प्रत्येक पाकिटातले चार दाणे कोमट पाण्यात भिजवून प्लेटवर रेघा ओढून पसरा (स्ट्रीक करा), तीन-चार कॉलनी जपून ठेवा. पाकीट उरलं नसेल तर पुरवठादाराकडून थोडंसं मागवा. हेच आपले संदर्भ.

प्लेट आणि कॉलनी

भर आंबण्यात रसाच्या एका मिलिलिटरमध्ये एक कोटी ते दहा कोटी पेशी असतात. म्हणून दहा हजार पट आणि लाख पट विरळ केलेल्या द्रवातून ०.१ मिली वायपीडी (यीस्टसाठीचं नेहमीचं पोषक माध्यम) प्लेटवर पसरा. मोजता येतील इतक्या, साधारण शंभरएक कॉलनी येतात. बॅक्टेरिया रोखायला माध्यमात क्लोरॅम्फेनिकॉल घाला. २८ अंशांवर दोन दिवस ठेवा.

सोबत एक डब्ल्यूएल (रंगद्रव्य घातलेलं दुसरं माध्यम) प्लेट जरूर लावा. तिच्यावर जाती रंगानं वेगळ्या दिसतात. सॅकरोमायसिसची कॉलनी फिकट, मलईसारखी, कधी हिरवट छटेची आणि फुगीर. हॅन्सेनियास्पोराची सपाट आणि गर्द हिरवी. मेटश्निकोव्हिया पुल्केरिमा तांबूस डाग सोडते. पहिल्यांदा ही प्लेट उजेडासमोर धरून पाहाल तेव्हा लक्षात येईल, 'एका टाकीत एक यीस्ट' ही कल्पना किती अपुरी आहे. रंग ही फक्त खूण, पुरावा नाही. त्यावर जात लिहून मोकळं होऊ नका.

कॉलनी निवडताना डोळा सुंदर, मोठ्या, गोल कॉलनीकडे धावतो. तो आवरायचा. प्लेटच्या तळाला मार्करनं एक फाक आखा आणि त्या फाकेतली प्रत्येक कॉलनी घ्या, बारीक असो की वेडीवाकडी.

किती घ्यायच्या? साधा हिशोब करा. एखादं स्ट्रेन टाकीत १० टक्के आहे समजा. दहा कॉलनी उचलल्या तर ते पूर्णपणे हुकण्याची शक्यता ३५ टक्के. वीस उचलल्या तर १२ टक्के. तीस उचलल्या तर ४ टक्के. म्हणून बागेतली विविधता पाहायची असेल तर तीसपेक्षा कमी घेऊ नका. घातलेलं यीस्ट टिकलं का एवढंच पाहायचं असेल तर वीसवर भागतं.

प्रत्येक कॉलनी दोनदा स्ट्रीक करून शुद्ध करा आणि २५ टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर ठेवा. नळीवर फक्त १, २, ३ लिहू नका. टाकी, तारीख, टप्पा, कॉलनी क्रमांक असा पूर्ण पत्ता लिहा, अल्कोहोलनं न पुसणाऱ्या मार्करनं. सहा महिन्यांनी फ्रीझर उघडल्यावर याचं मोल कळतं.

डीएनए काढणं

यीस्टची भिंत जाड असते, त्यामुळे बॅक्टेरियासारखी कॉलनी थेट उकळून भागेलच असं नाही. स्वस्त आणि भरवशाची पद्धत लिथियम ॲसिटेट-एसडीएसची. ताज्या कॉलनीचा टाचणीच्या डोक्याएवढा भाग १०० मायक्रोलिटर द्रावणात मिसळा. द्रावणात २०० मिलिमोलर लिथियम ॲसिटेट आणि १ टक्का एसडीएस असतं. ७० अंशांवर ५ ते १० मिनिटं ठेवा. ३०० मायक्रोलिटर शुद्ध इथेनॉल घालून जोरात हलवा, १५,००० जी वेगानं ३ मिनिटं फिरवा. वरचा द्रव टाका, तळाचा गोळा ७० टक्के इथेनॉलनं धुवा, सुकू द्या, १०० मायक्रोलिटर निर्जंतुक पाण्यात विरघळवा. पुन्हा क्षणभर फिरवून कचरा खाली बसवा आणि वरच्या द्रवातला १ मायक्रोलिटर पीसीआरला घ्या.

इथे एक बारकावा आहे. इथेनॉल पूर्ण उडालं नाही तर पीसीआर बंद पडतं आणि नवखा माणूस प्रायमरला दोष देत बसतो. नळी उघडी ठेवून वास घ्या. वास येतोय तोवर पाणी घालू नका. कॉलनीही लोभानं मोठी घेऊ नका. पेशी जास्त झाल्या की त्यांचा कचराच आड येतो.

पहिली चाळणी: जात कोणती

जातीसाठी रायबोसोमच्या जनुकांमधला आयटीएस भाग वाढवतात, आयटीएस-१ आणि आयटीएस-४ हे प्रायमर वापरून. ॲनीलिंग ५५ अंशांवर, ३५ फेऱ्या. सॅकरोमायसिस सेरेव्हिसीचा तुकडा साधारण ८८० बेस पेअरचा येतो, हॅन्सेनियास्पोरा उवारमचा ७५० चा, टोरुलास्पोरा डेलब्रुकीचा ८०० च्या आसपास. नुसत्या लांबीवर निकाल देऊ नका. तो तुकडा एन्झाइमनं कापा. एचएई-थ्री या एन्झाइमनं सेरेव्हिसीचे चार तुकडे पडतात, साधारण ३२०, २३०, १८० आणि १५०. हॅन्सेनियास्पोरा उवारममध्ये त्याच एन्झाइमला कापायला जागाच मिळत नाही आणि ७५० चा अखंड बँड तसाच राहतो. हा फरक ३ टक्के ॲगरोज जेलवर लांबूनही दिसतो. सोबत हिन्फ-वन आणि सीएफओ-वन वापरले की वाइनमधल्या बहुतेक नेहमीच्या जाती वेगळ्या पडतात.

शंका उरली तर २६-एस जनुकाचा डी१/डी२ भाग, सुमारे ६०० बेस पेअर, सिक्वेन्सिंगला पाठवा आणि आलेला क्रम एनसीबीआयच्या ब्लास्ट या ऑनलाइन क्रम-शोधावर तपासा. त्या जातीच्या अधिकृत संदर्भ स्ट्रेनपेक्षा १ टक्क्याहून जास्त फरक दिसला तर बहुधा जात वेगळी, हा जुना आणि उपयोगी ठोकताळा. मात्र ब्लास्टमध्ये पहिल्या क्रमांकावर आलेलं नाव डोळे मिटून घेऊ नका. तिथे चुकीची नावं लावलेले क्रमही जमा असतात. अधिकृत संदर्भ स्ट्रेनशी जुळतंय का ते पाहा.

इथवर आलात की कळेल, तुमच्या तीसपैकी अमुक इतक्या कॉलनी सेरेव्हिसी आहेत. एवढंच. ती कोणती सेरेव्हिसी, हे आयटीएस सांगत नाही. पावाचं यीस्ट आणि शॅम्पेनचं यीस्ट इथे एकसारखंच दिसतं.

खरं काम: इंटरडेल्टा

सेरेव्हिसीच्या १६ गुणसूत्रांवर, सुमारे १.२ कोटी बेस पेअरच्या जीनोममध्ये, डेल्टा नावाचे छोटे तुकडे विखुरलेले आहेत. टीवाय-१ आणि टीवाय-२ या उड्या मारणाऱ्या जनुकांची ती दोन्ही टोकं. जनुक एका जागेहून निघून गेलं तरी डेल्टा मागे राहतो, जत्रा उठून गेल्यावर मैदानात खुंट्या राहाव्यात तशा. कुठल्या स्ट्रेनमध्ये कुठे खुंट्या उरल्या, हे त्या त्या स्ट्रेनच्या इतिहासावर ठरतं. प्रायमर या डेल्टांवर बसतात आणि जवळजवळच्या दोन डेल्टांमधला भाग वाढवतात. त्यातून जेलवर बँडची जी मांडणी उठते ती स्ट्रेनची ओळख.

आधी डेल्टा-१ आणि डेल्टा-२ असे प्रायमर वापरत. २००३ मध्ये लग्रा आणि कार्स्ट यांनी डेल्टा-१२ आणि डेल्टा-२१ ही जोडी मांडली. तिच्यात बँड जास्त येतात आणि फरक चांगला कळतो. नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं याच जोडीपासून करावी. ९५ अंशांवर ४ मिनिटं, मग ३५ फेऱ्या: ९५ अंश ३० सेकंद, ४६ अंश ३० सेकंद, ७२ अंश ९० सेकंद. शेवटी ७२ अंशांवर १० मिनिटं.

४६ अंश हे ॲनीलिंगसाठी कमी तापमान आहे, त्यामुळे ही चाचणी नाजूक आहे. डीएनए कमी-जास्त झाला की फिकट, फसवे बँड उगवतात किंवा मोठे बँड गायब होतात. म्हणून सगळ्या नमुन्यांत डीएनए सारखा घ्या, २५ मायक्रोलिटरच्या प्रक्रियेत २० ते ५० नॅनोग्रॅम. पॉलिमरेजची कंपनी मध्येच बदलू नका. मशीनही शक्यतो एकच ठेवा. डीएनए न घातलेली एक नळी दर वेळी चालवा. तिच्यात बँड आला तर त्या दिवसाचं सगळं रद्द, कितीही जीव तुटला तरी.

जेल २.५ टक्क्यांचं घ्या आणि सावकाश चालवा. घाईनं व्होल्टेज वाढवलं की बँड मिशीसारखे वाकतात आणि जवळजवळचे दोन बँड एकच दिसतात. लॅडर दोन्ही कडांना आणि मोठं जेल असेल तर मध्येही लावा. संदर्भ स्ट्रेनची लेन प्रत्येक जेलवर हवी. कालच्या जेलचा फोटो आजच्या जेलशेजारी ठेवून तुलना करणं म्हणजे दोन वेगवेगळ्या काट्यांवर केलेली मापं जुळवणं. इथिडियम ब्रोमाइड वापरत असाल तर हातमोजे, वेगळी बादली आणि अतिनील किरणांसाठी चेहऱ्यावर ढाल, यात तडजोड नको. शक्य असेल तिथे कमी घातक रंग घ्या.

जेल वाचताना

पहिल्यांदा डोळ्यांनी वाचा, सॉफ्टवेअर नंतर. ठळक बँडवर भर द्या. फिकट बँड असला-नसला तर तो फरक धरू नका. दोन लेनमध्ये एकाच ठळक बँडचा फरक दिसला तर दोन्ही स्ट्रेनचा डीएनए नव्यानं काढून, शेजारी-शेजारी, पुन्हा चालवा. पुन्हा तोच फरक आला तरच तो खरा. दोन-तीन बँड स्पष्ट वेगळे असतील तर स्ट्रेन वेगळी आहेत असं निर्धास्त म्हणा.

उलट दिशेनं मात्र सावध राहा. मांडणी सारखी आली म्हणजे स्ट्रेन एकच, असं सिद्ध होत नाही. या चाचणीला फरक दिसला नाही, इतकंच. अहवालातही तसंच लिहा. दोन वेगळ्या नावांची पाकिटं एकसारखी दिसली म्हणून घाबरू नका. शॅम्पेनकडचं 'प्रीज द मूस' घराण्याचं यीस्ट वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या नावांनी विकतात. ईसी-१११८ हे विकतचं यीस्ट त्यातलंच. तिथे जेल बरोबर असतं, नावंच अनेक असतात.

सारखेपणावर मोठा निर्णय टेकणार असेल, समजा तुम्ही 'आमचं स्वतःचं स्ट्रेन' म्हणून लेबलवर लिहिणार असाल, तर दुसरी, स्वतंत्र पद्धत लावाच. मायटोकॉण्ड्रियाचा डीएनए हिन्फ-वननं कापून पाहणं स्वस्त आहे आणि पीसीआर मशीनशिवाय होतं, पण डीएनए भरपूर आणि स्वच्छ लागतो. मायक्रोसॅटेलाइट (डीएनएत लागोपाठ पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे) महाग आहेत, पण त्यांचा निकाल चित्रात न येता आकड्यांत येतो. पुण्यातल्या प्रयोगशाळेचा आकडा आणि बोर्दोतल्या प्रयोगशाळेचा आकडा थेट जुळवता येतो. माझा कल मायक्रोसॅटेलाइटकडे आहे. पैसे कमी असतील तर इंटरडेल्टानं गट पाडा आणि प्रत्येक गटातलं एकेकच स्ट्रेन मायक्रोसॅटेलाइटला पाठवा.

इंटरडेल्टा हॅन्सेनियास्पोरा किंवा मेटश्निकोव्हियावर लावू नका. त्यांच्यात हे डेल्टा नसतात. जेल कोरं आलं म्हणून चाचणी फसली असं समजून आठवडा घालवणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. आयटीएसची चाळणी आधी का, ते यावरून कळेल.

निकालाचं काय करायचं

घातलेलं यीस्ट पाहायचं होतं आणि वीसपैकी अठरा-एकोणीस कॉलनी त्याच्याशी जुळल्या तर टाकी तुमच्या ताब्यात आहे. वीसपैकी दहा-बारा आल्या तर आधी पाकिटाची तारीख आणि भिजवण्याचं पाणी तपासा. चांगल्या सुक्या यीस्टमध्ये ग्रॅमला किमान हजार कोटी जिवंत पेशी असायला हव्यात. हेक्टोलिटरला, म्हणजे १०० लिटरला, २५ ग्रॅम घातलं तर मिलिलिटरमागे २५ लाख पेशी होतात. एवढी फौज हरली असेल तर ती टाकीत जाण्याआधीच अर्धमेली झालेली असणार, बहुतेक वेळा फार गरम पाण्यानं. कारण तिथेही सापडलं नाही, तर होजपाइप आणि पंप उघडून धुवा.

बागेतून नवीन मांडणी मिळाली आणि ती एकाही पाकिटाशी जुळली नाही, तर तो आनंद मनापासून घ्या. पण बागेतला नमुना वायनरीपासून किती अंतरावरचा, हे लिहून ठेवलेलं असू द्या. फ्रान्स आणि पोर्तुगालमधल्या बागांत विकतची यीस्टं मुख्यतः वायनरीच्या आसपास, २०० मीटरच्या आतच सापडली. चोथा टाकायच्या जागेजवळच्या ओळी त्यामुळे टाळलेल्या बऱ्या.

जेल तुम्हाला वेगळेपण सांगतं, गुण सांगत नाही. त्यासाठी त्या स्ट्रेननं छोट्या बाटल्या आंबवून पाहाव्या लागतात: साखर पूर्ण संपवतं का, हायड्रोजन सल्फाइड किती सोडतं, सल्फर डायऑक्साइड सोसतं का, फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी टाकीचं कूलिंग तासभर बंद पडलं तर टिकतं का. नाशिकसाठी शेवटचा प्रश्न मी सगळ्यांत आधी विचारते.

चांगलं निघालेलं स्ट्रेन एकाच फ्रीझरमध्ये ठेवू नका. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एनसीआयएम हा सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, चंदीगडला एमटीसीसी हा तसाच संग्रह आहे. तिथे जमा केलेल्या स्ट्रेनला क्रमांक मिळतो आणि तुमच्या फ्रीझरची वीज गेली तरी ते जिवंत राहतं. परदेशी कंपनीनं किंवा विद्यापीठानं स्ट्रेन मागितलं तर मैत्रीखातर नळी पाठवू नका. जैवविविधता कायदा, २००२ नुसार त्यासाठी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि यीस्टसारखे सूक्ष्मजीवही त्या कायद्यात येतात.

पुढच्या हंगामात त्याच ओळींतून, त्याच पद्धतीनं पुन्हा नमुना घ्या. पाकिटांच्या लेन नव्या यादीप्रमाणे वाढवा. तीच मांडणी दुसऱ्या वर्षीही त्या ओळींत सापडली, तर तिला वहीत नाव द्यायला हरकत नाही.